अलिबाग : आरमाराच्या राजधानीची कथा

"अलिबागहून आलास काय?" असा प्रश्न मुंबईपुण्याकडे एखाद्याचें भाबडेपण किंवा अज्ञान दाखविण्याकरितां थट्टेनें विचारण्याची रीत आहे. या वाक्प्रचारामुळें अलिबागकरांची मानहानि होते, असें म्हणून २०१९ सालीं एका गृहस्थांनीं मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे दाद मागितली होती; परंतु न्यायालयानें ही गोष्ट विनोदाच्या सदरांत घालून अर्ज फेटाळला. न्यायालयाचा निर्णय योग्यच होता. थट्टेला उत्तर कायद्यानें द्यावयाचें नसतें, तें इतिहासानें द्यावयाचें असतें. आणि ज्या गांवाच्या नांवानें ही थट्टा चालते, त्या गांवाचा इतिहास असा आहे कीं, एके काळीं मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरास त्याच्या धास्तीनें झोंप येत नसे. मुंबईच्या जहाजानें बंदराबाहेर पडतांना प्रथम दक्षिणेकडे नजर टाकावी, कुलाब्याच्या बाजूस शिडें दिसतात काय तें पाहावें आणि मगच पुढचा मार्ग धरावा, असे ते दिवस होते.

अलिबाग हें मुंबईच्या दक्षिणेस समुद्रकांठीं वसलेलें एक लहानसें शहर आहे. २०११ च्या जनगणनेच्या वेळीं त्याची वस्ती सुमारें २०,००० होती. म्हणजे मुंबईतील एखाद्या मोहल्ल्याइतकीच. परंतु गांवाचें महत्त्व त्याच्या वस्तीवरून ठरत नसून त्याच्या जागेवरून ठरतें. आवास, सासवणें, किहीम, थळ, आक्षी, नागांव, चौल, रेवदंडा अशीं गर्द माडापोफळींचीं गांवें या किनाऱ्यावर एकापुढें एक लागलेलीं आहेत. या सर्व पट्टीस अष्टागर म्हणतात. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस सागरगडाचा डोंगर आणि मधील सखल जमिनींत खाऱ्या पाण्याशीं झगडून राखलेलीं भाताचीं खाचरें, असा हा प्रदेश आहे. अलिबागच्या समोर भरतीच्या वेळीं पाण्यांत उभा राहणारा आणि ओहोटी लागली कीं पायीं चालत गांठतां येणारा कुलाबा किल्ला आहे. दिवसांतून दोन वेळां बेट व्हावें आणि दोन वेळां जमिनीस जोडलें जावें, असा हा खडक आहे. या खडकावर कोणाची तरी नजर जाणें अपरिहार्यच होतें. आणि ज्याची गेली तो पुरुष असामान्य होता.

गांवाच्या नांवाविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, अली नांवाच्या एका धनवान् मनुष्यानें येथें पुष्कळ विहिरी खोदून आंब्यांच्या व नारळींच्या बागा लावल्या. त्याच्या विहिरी व बागा पाहून लोक या जागेस 'अलीची बाग' म्हणूं लागले व त्याचेंच पुढें अलिबाग झालें. हा अली मुसलमान होता असें कित्येक म्हणतात, तर तो एली नांवाचा बेने इस्राएल होता असें दुसरे कित्येक सांगतात. आख्यायिकेंतला माणूस कोणीहि असो, तिच्यांतली विहीर मात्र खरी आहे. समुद्रकांठच्या वाळूंत थोडें खणलें कीं गोडें पाणी लागतें, त्यावर रहाट बसवितां येतो आणि रहाटाच्या पाण्यावर नारळीपोफळीची वाडी उभी राहते. अष्टागरांतील वस्तीचें सारें रहस्य या रहाटांत सांठविलेलें आहे.

अलिबाग हें शहर तसें अर्वाचीन. परंतु त्याचें शेजारचें चौल मात्र फार पुरातन आहे. इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांतील ग्रीक लेखकांनीं 'सेमिल्ला', 'सिमिल्ला' अशा नांवांनीं ज्या बंदराचा उल्लेख केला आहे, तें चौलच होय असें विद्वान् मानतात. इराण, अरबस्तान व आफ्रिका यांच्याशीं व्यापार करणाऱ्या या बंदरास सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीजांची दृष्टि लागली. १५०८ सालीं चौलच्या खाडींत इजिप्तच्या सुलतानाच्या व गुजराथच्या संयुक्त आरमारानें पोर्तुगीजांचा पराभव केला व व्हाइसरॉयाचा पुत्र लोरेन्सो द आल्मेइदा हा त्या लढाईंत पडला. तरी १५२१ सालीं रेवदंड्यास पोर्तुगीजांचा कोट उभा राहिलाच. त्यानंतर दोनशें वर्षांहून अधिक काळ या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या परवान्यावांचून व्यापारी जहाजास निर्धास्तपणें फिरतां येत नसे. समुद्र कोणाचा, हा प्रश्न या प्रदेशांत अलिबाग जन्मास येण्यापूर्वींच उपस्थित झालेला होता, हें लक्षांत ठेवणें अवश्य आहे.

या प्रश्नाचें उत्तर देण्याचा पहिला प्रयत्न शिवाजी महाराजांनीं केला. ज्याचें आरमार त्याचा समुद्र, हें तत्त्व ओळखून त्यांनीं कोंकणांत जलदुर्गांची मालिका उभारली. १६७९ सालीं मुंबईच्या तोंडाशीं असलेलें खांदेरी बेट त्यांनीं इंग्रजांचा विरोध मोडून बळकट केलें. तेव्हां लगेच जंजिऱ्याच्या सिद्दीनें शेजारचें उंदेरी बेट बळकाविलें. अशा स्थितींत खांदेरीच्या पाठीशीं भक्कम ठाणें असणें जरूर होतें. १६८० च्या मार्च महिन्यांत कुलाब्याच्या खडकावर तट बांधण्यास आरंभ झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, ३ एप्रिल रोजीं, महाराजांनीं देह ठेवला. किल्ल्याचें काम संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत पुरें झालें. एका अर्थानें कुलाबा हें थोरल्या महाराजांचें शेवटचें बांधकाम होय.

या किल्ल्याची रचना पाहण्यासारखी आहे. दक्षिणोत्तर लांबट असा हा कोट असून त्यास सतरा बुरूज आहेत. उत्तरेस सर्जेकोट नांवाचा एक लहान कोट असून तो मुख्य किल्ल्यास दगडी बांधानें जोडलेला आहे. तटाचे प्रचंड चिरे चुन्यानें न सांधतां नुसते एकावर एक रचलेले दिसतात. प्रथम पाहणाऱ्यास हा निष्काळजीपणा वाटतो. परंतु त्यांत मोठें शहाणपण आहे. सांधलेल्या भिंतीवर लाट आपटली कीं तिचा सर्व जोर भिंतीस सोसावा लागतो व कालांतरानें चुना धुपून भिंत ढिली होते. नुसत्या रचलेल्या चिऱ्यांत लाटेचें पाणी फटींतून आंत शिरतें, तेथें त्याचा जोर मोडतो आणि तें निमूटपणें परत जातें. अशा रीतीनें जवळजवळ साडेतीन शतकें हा तट लाटांचा मारा सहन करीत उभा आहे. दुसरी नवलाची गोष्ट अशी कीं, चोहोंकडे खारें पाणी असतां किल्ल्याच्या आंत गोड्या पाण्याचा पुरवठा आहे. जलदुर्गाचें आयुष्य तोफांवर नसून पाण्यावर अवलंबून असतें, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस या गोष्टीची किंमत वेगळी सांगावयास नको.

शिवाजी महाराजांनीं किल्ला दिला. परंतु अलिबाग गांवास राजधानी केलें तें कान्होजी आंग्रे यांनीं. कान्होजींचें मूळ आडनांव संकपाळ. अंगरवाडी या गांवावरून त्यांस आंग्रे हें नांव पडलें. १६९८ च्या सुमारास मराठ्यांच्या आरमाराचें आधिपत्य म्हणजे सरखेलपद त्यांच्याकडे आलें. तो काळ मोठा बिकट होता. औरंगजेब बादशहा दक्षिणेंत ठाण देऊन बसला होता आणि सह्याद्रीवरील किल्ले एकामागून एक त्याच्या हातीं जात होते. अशा वेळीं कोंकणचा किनारा राखून धरण्याचें काम कान्होजींनीं केलें. पुढें शाहू महाराज व ताराबाई यांच्यामध्यें तंटा माजला, तेव्हां ते प्रथम ताराबाईंच्या पक्षास होते. शाहू महाराजांनीं त्यांच्यावर पाठविलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस त्यांनीं कैद केलें. तेव्हां बाळाजी विश्वनाथ यांची योजना झाली. बाळाजीपंत हे श्रीवर्धनचे, म्हणजे याच किनाऱ्यावरचे. त्यांनीं शस्त्र न उगारतां समजुतीनें काम केलें. १७१३-१४ च्या तहानें कान्होजी शाहू महाराजांच्या बाजूस आले आणि त्यांस सरखेलपद, दहा मोठे किल्ले व सोळा लहान ठाणीं यांचा अधिकार मिळाला.

कान्होजींचें आरमार मुख्यतः दोन प्रकारच्या नौकांचें होतें. गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढें चोंच काढलेली व तळ उथळ असलेली नौका असे. तिच्या नाळेवर समोर मारा करणाऱ्या तोफा असत. गलबत हें तिच्याहून लहान. चाळीसपन्नास वल्हेकऱ्यांच्या जोरावर वारा नसतांनाहि तें चालवितां येई. युरोपीय जहाज मोठें, तळ खोल आणि सर्वस्वीं वाऱ्यावर अवलंबून. वारा पडला कीं तें समुद्रावर लांकडाच्या ओंडक्यासारखें खिळून राही. नेमक्या अशा वेळीं गलबतें गुराबांस ओढीत आणीत. जहाजाच्या पिछाडीस, जेथें त्याच्या तोफा कमी, तेथून मारा सुरू होई. डोलकाठ्या व शिडें निकामी झालीं कीं गलबतांतले लोक दोरांवरून वर चढत. आणि संकट आलेंच तर हींच उथळ तळाचीं गलबतें खाडींत अशा ठिकाणीं शिरत कीं, तेथें मोठें जहाज आणणें म्हणजे तें वाळूंत रुतवून घेणें होय. आपल्या किनाऱ्याचा प्रत्येक खडक व प्रत्येक भरती ज्यास पाठ आहे, असा मनुष्यच हें युद्ध लढूं जाणे. कोळी व भंडारी ही या आरमाराची खरी शक्ति होती.

इंग्रज ग्रंथकारांनीं कान्होजींस सरसकट 'चांचा' म्हटलें आहे. या शब्दाचा थोडा विचार करणें अवश्य आहे. कोणत्याहि राज्यास आपल्या हद्दींतून जाणाऱ्या मालावर जकात घेण्याचा अधिकार असतो. जमिनीवर तो नाक्यावर बजावला जातो, तर समुद्रावर दस्तकानें. जो व्यापारी दस्तक घेई, त्याच्या जहाजास आंग्र्यांचें संरक्षण असे. जो तें न घेतां जाई, त्याचें जहाज धरलें जाई. पोर्तुगीजांनीं हीच पद्धति येथें दोनशें वर्षें चालविली होती आणि इंग्रजहि आपल्या आश्रितांस परवाने देत होते. तेव्हां वाद पद्धतीविषयीं नव्हता. परवाना देण्याचा अधिकार कोणाचा याविषयीं होता. कोंकणच्या समुद्रावर कोंकणचा राजा कर घेऊं म्हणतो, हें परक्या व्यापाऱ्यांस चांचेगिरीसारखें वाटलें. आंग्र्यांस परक्यांनीं कर न देणें हें चोरीसारखें वाटलें. ज्याच्या हातीं पुढें छापखाना राहिला, त्याचा शब्द शाळेच्या पुस्तकांत गेला, इतकेंच.

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर झाला आणि आंग्र्यांचा बीमोड करण्याचा त्यानें चंग बांधला. १७१७ सालीं विजयदुर्गावर, १७१८ सालीं खांदेरीवर आणि १७२० सालीं पुन्हां विजयदुर्गावर त्यानें आरमार पाठविलें. तिन्ही वेळां तें हात हालवीत परत आलें. अखेरीस इंग्लंडहून कमोडोर टॉमस मॅथ्यूज याच्या हाताखालीं राजाच्या आरमाराचीं चार जहाजें आलीं, पोर्तुगीजांशीं करार झाला आणि १७२१ च्या डिसेंबरांत दोघांच्या फौजा मिळून खुद्द कुलाब्यावर चालून आल्या. जलमार्गानें जहाजें आणि खुष्कीनें पायदळ व तोफा, असा दुहेरी वेढा पडला. इंग्रजांनीं तटास शिड्या लावून हल्ला चढविला. परंतु किल्ल्यावरील शिबंदीनें तो परतविला. इतक्यांत तरुण पेशवे बाजीराव हे शाहू महाराजांच्या आज्ञेनें घोडदळासह घाट उतरून आले. त्यांचा रोंख पाहतांच पोर्तुगीजांनीं इंग्रजांस न विचारतां मराठ्यांशीं बोलणें सुरू केलें व १७२२ च्या जानेवारींत तह करून ते मोकळे झाले. त्या वेळीं संतापलेल्या मॅथ्यूजनें पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडांत आपल्या हातांतली छडी खुपसली, असें त्या मोहिमेंत असलेल्या डाउनिंग नांवाच्या इंग्रजानें लिहून ठेविलें आहे. दोन युरोपीय सत्तांच्या एकजुटीचा शेवट असा झाला. जमिनीवरचें घोडदळ व पाण्यांतला किल्ला यांनीं एकमेकांस साह्य केलें म्हणजे काय होतें, याचें हें उत्तम उदाहरण होय. दुर्दैवानें हें उदाहरण पुढील पिढीच्या लक्षांत राहिलें नाहीं.

कान्होजींच्या काळांत किल्ल्यासमोरच्या जमिनीवर गांव वाढूं लागला. १७२० सालीं किनाऱ्याजवळ हिराकोट बांधण्यात आला. प्रचंड काळ्या दगडांचा हा लहानसा कोट इंग्रजी अमदानींत तुरुंगाच्या उपयोगास लागला व आजहि जिल्ह्याचें कारागृह तेथेंच आहे. ४ जुलै १७२९ रोजीं कान्होजी मरण पावले. त्यांची समाधि अलिबाग गांवांत आहे.

त्यांच्या मागें घराण्यांत दुही माजली. थोरले सेखोजी चार वर्षांतच निवर्तले. मग संभाजी विजयदुर्गास व मानाजी कुलाब्यास अशा दोन गाद्या झाल्या. १७४० सालीं तर संभाजीनें भावाच्या राज्यावर स्वारी करून अलिबाग व हिराकोट घेतला आणि कुलाब्याचें गोडें पाणी तोडलें. मानाजीनें पेशव्यांची व इंग्रजांची मदत मागितली आणि ती त्यास मिळाली. बापानें ज्यांस किल्ल्याच्या पायथ्यापासून हांकून दिलें, त्यांस मुलानें भावाविरुद्ध बोलाविलें! संभाजीच्या मागून विजयदुर्गास तुळाजी आला. तो पराक्रमी होता, परंतु पेशव्यांस जुमानीत नसे. तेव्हां नानासाहेब पेशव्यांनीं इंग्रजांशीं संगनमत केलें आणि १७५६ च्या फेब्रुवारींत ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्ग घेतला. तेथें नांगरलेलें आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. तुळाजी पेशव्यांच्या कैदेंत मेला. ज्या घोडदळानें १७२१ सालीं आरमार वांचविलें होतें, त्याच्याच धन्यानें पस्तीस वर्षांनीं तें परक्यांच्या हातून जाळविलें. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांस तोलामोलाचा प्रतिस्पर्धी उरला नाहीं.

कुलाब्याची शाखा मात्र पेशव्यांच्या आश्रयानें टिकली. मानाजीनंतर १७५९ मध्यें गादीवर आलेले पहिले रघूजी यांची कारकीर्द सन १७९३ पर्यंत चालली आणि ती अलिबागच्या भरभराटीची होय. किल्ल्यांतील सिद्धिविनायकाचें सुंदर देऊळ त्यांनीं बांधलें. त्यांत गणपतीबरोबर पंचायतनांतील इतर देवताहि आहेत. त्याच किल्ल्यांत एका मुसलमान साधूचा दर्गाहि आहे. पानिपतावर नाहींशा झालेल्या सदाशिवरावभाऊंचें सोंग घेऊन एका तोतयानें १७७५-७६ मध्यें पेशवाईंत धुमाकूळ घातला होता. पराभव होतांच तो समुद्रमार्गें पळून जाऊं लागला, तेव्हां त्यास धरून पुण्यास पाठविणारे हेच रघूजी आंग्रे होत. समुद्रावरचा पहारा अजून जागा होता, याचें हें गमक आहे.

रघूजींच्या मृत्यूनंतर पुन्हां वारसांचे तंटे सुरू झाले. १७९९ सालीं शिंद्यांच्या पाठबळानें बाबूराव आंग्रे यांनीं कुलाबा बळकाविला. १८१७ सालीं दुसरे रघूजी गादीवर आले. दुसऱ्याच वर्षीं पेशवाई बुडाली. १८२२ च्या तहानें आंग्र्यांनीं इंग्रजांचें वर्चस्व मान्य केलें. १८३८ च्या अखेरीस दुसरे रघूजी मरण पावले. त्यांच्या मागून जन्मास आलेल्या मुलाचें नांव मोठ्या आशेनें कान्होजी ठेवण्यांत आलें. हा दुसरा कान्होजी १८४० सालीं बालपणींच वारला. घराण्यांतील मंडळींनीं दत्तक घेण्याची परवानगी मागितली, ती कंपनी सरकारनें नाकारली आणि औरस वारस नाहीं या सबबीवर राज्य खालसा केलें. दत्तक नामंजूर करून संस्थानें गिळण्याबद्दल लॉर्ड डलहौसीचें नांव सर्वतोमुखीं आहे. परंतु डलहौसी हिंदुस्थानांत आला १८४८ सालीं. सातारा, झांशी व नागपूर यांच्या आधीं या अस्त्राचा प्रयोग ज्या थोड्या संस्थानांवर झाला, त्यांत कुलाबा होता. जो किल्ला इंग्रजांच्या तोफांस शरण गेला नाहीं, तो एका मूल दगावल्याच्या निमित्तानें कागदाच्या एका तुकड्यावर गेला. किल्ल्यांत आज ज्या दोन तोफा दाखविल्या जातात, त्यांवर १८४९ हें साल व इंग्लंडांतील कारखान्याचें नांव कोरलेलें आहे. त्या आंग्र्यांच्या नव्हेत, त्यांच्या जागीं आलेल्या धन्याच्या आहेत. पुष्कळ प्रेक्षक त्यांस नमस्कार करून जातात.

इंग्रजी अमलांत अलिबाग राजधानी न राहतां कचेरीचें गांव झालें. १८५३ सालीं कुलाबा हा पोटजिल्हा झाला व १८६९ सालीं त्यास पूर्ण जिल्ह्याचा दर्जा मिळाला. अलिबागेस १८६४ सालीं नगरपालिका स्थापन झाली. कलेक्टर, न्यायाधीश, मामलेदार, वकील, शाळामास्तर व कारकून अशी वस्ती वाढली. 'सत्यसदन' सारखें साप्ताहिक निघूं लागलें. आरमाराच्या गोदींतून निघालेला गांव दप्तरांत स्थिरावला. आगबोटीनें मुंबईस जावें, नोकरी करावी आणि शिमग्यास व गणपतीस घरीं यावें, हा कोंकणचा क्रम येथेंहि सुरू झाला.

याच काळांत अलिबागेस एक अपूर्व मान मिळाला. मुंबईच्या कुलाबा भागांत १८२६ सालीं स्थापन झालेली वेधशाळा होती. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकशक्तीचें अखंड मापन चाले. १८५९ च्या सप्टेंबरांत सूर्यावरील उत्पातामुळें जगभर जें प्रचंड चुंबकीय वादळ झालें, त्याची नोंद तेथें झाली होती. पुढें मुंबईस विजेच्या ट्रामगाड्या चालविण्याचें ठरलें. विजेच्या प्रवाहामुळें नाजुक चुंबकसुई विचलित होणार, हें उघड होतें. वेधशाळेचे प्रमुख डॉ. मूस यांनीं शहरापासून दूर, परंतु हवामान व भूमि मुंबईसारखीच असलेली जागा शोधली व ती अलिबागेस सांपडली. १९०४ सालीं तेथें काम सुरू झालें. इमारतीस पोरबंदरी दगड वापरला. सांधे, खिळे व बिजागऱ्या लोखंडाच्या न घेतां तांब्यापितळेच्या घेतल्या, कारण लोखंडाचा एक खिळाहि सुईस फसवूं शकतो. जुन्या व नव्या जागेचीं मापें जुळतात कीं नाहीं हें पाहण्याकरितां १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळीं नोंदी घेण्यांत आल्या. त्यामुळें ही मालिका कोठेंहि तुटली नाहीं. जगांतील दीर्घ व विश्वसनीय चुंबकीय नोंदींमध्यें मुंबई-अलिबागच्या नोंदींची गणना होते आणि तें काम आजहि चालूं आहे. ज्या गांवच्या नांवानें अज्ञानाची थट्टा केली जाते, त्या गांवाकडे पृथ्वीच्या हालचालीची माहिती जगांतले शास्त्रज्ञ विचारतात, ही मौज ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

अलिबागच्या परिसरांत आणखी एक जुना समाज नांदत आला आहे. तो बेने इस्राएलांचा. फार प्राचीन काळीं अलिबागच्या उत्तरेस नवगांवापाशीं एक जहाज फुटलें व त्यांतून वांचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरा आहे. तेल गाळण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस 'शनवार तेली' म्हणत. त्यांची भाषा मराठी, आडनांवें पेणकर, किहीमकर, रोहेकर अशीं गांवावरून पडलेलीं. अलिबागेंत त्यांची आळी व प्रार्थनामंदिर आहे. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुतेक कुटुंबें तिकडे गेलीं. परंतु तेथेंहि त्यांनीं 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें. गांव सोडतांना मनुष्य घर मागें ठेवतो, भाषा बरोबर नेतो, याचें हें प्रत्यंतर होय.

विसाव्या शतकांतील अलिबागची सर्वांत मोठी घटना समुद्रावर न घडतां खाऱ्या जमिनींत घडली. खाडीच्या कांठीं बांध घालून, आंतील मीठ पावसाच्या पाण्यानें धुऊन, दलदलीचें शेत करावयाचें, हें काम पिढ्यान् पिढ्या आगरी कुळांनीं केलें होतें. बांध फुटला कीं वर्षाचें पीक तर जाईच, परंतु जमीनहि कांहीं वर्षें निकामी होई. एवढ्या कष्टाच्या उत्पन्नाचा मोठा वांटा खोत नेत असे आणि त्याच्या मनास येईल तेव्हां कुळास जमिनीवरून काढीत असे. १९३३ च्या आक्टोबरांत अलिबागजवळच्या चरी या गांवीं नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांनीं खोताची जमीन न कसण्याचा निश्चय केला. सुमारें पंचवीस गांवें या संपांत होतीं आणि संप एकदोन महिने नव्हे, १९३९ पर्यंत चालला. शेतें ओसाड पडलीं. लोकांनीं लांकडें तोडून, मासळी विकून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले, पण शब्द मोडला नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं त्यांची बाजू उचलून धरली व १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. कूळकायद्याची जी इमारत पुढें उभी राहिली, तिचा एक पायाचा दगड चरीच्या या खाजणांत आहे. कुलाब्याच्या तटाचे चिरे आणि चरीचे शेतकरी यांत एक साम्य दिसतें. दोहोंसहि बाहेरच्या चुन्याची गरज पडली नाहीं. आपल्याच भारानें ते एकमेकांस धरून राहिले.

स्वातंत्र्यानंतर या गांवाचें रूप झपाट्यानें पालटलें. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड असें झालें. मुख्य ठाणें अलिबागच राहिलें. १९८५ च्या सुमारास थळ येथें रासायनिक खतांचा मोठा कारखाना चालूं झाला. मुंबईच्या धनिकांनीं मांडव्यापासून नागांवपर्यंत वाड्या विकत घेऊन बंगले बांधले. २०२० च्या मार्चमध्यें मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारीसह माणसें नेणारी मोठी नौका सुरू झाली. सड्यानें शंभर किलोमीटर वळसा घालण्याऐवजीं तासाभरांत समुद्र ओलांडतां येऊं लागला. म्हणजे समुद्र हाच जवळचा रस्ता, हें कान्होजींचें जुनें सत्य नव्या रूपानें पुन्हां प्रत्ययास आलें. येथील पांढऱ्या कांद्यास २०२१ सालीं भौगोलिक चिन्हांकन मिळालें. गोड चवीचा व वेणीसारख्या माळा करून विकला जाणारा हा कांदा आतां कायद्यानेंहि अलिबागचाच म्हणून ओळखला जातो.

परंतु या भरभराटीचें दुसरें अंगहि पाहिलें पाहिजे. ज्या वाडीस एके काळीं रहाटानें पाणी मिळे, तेथें यंत्रानें पाणी उपसलें तर वाळूंतील गोड्या पाण्याची जागा समुद्राचें खारें पाणी घेतें; मग विहीर असूनहि पाणी राहत नाहीं आणि माड वाळतो. खारजमिनीचा बांध राखण्यास माणूस उरला नाहीं, तर जें शेत पिढ्यांनीं मिळविलें तें एका उधाणांत जातें. वाडीचा मालक जर तिच्या उत्पन्नावर जगत नसेल, तर तिचा रहाट व बांध कोणाच्या काळजीचा विषय राहणार, हा प्रश्न अलिबागकरांपुढें उभा आहे. १७४० सालीं संभाजी आंग्र्यानें कुलाब्याचें गोडें पाणी तोडलें, तेव्हां तो शत्रु होता व समोर दिसत होता. आजचें पाणी तोडणारा हात इतका स्पष्ट दिसत नाहीं.

खांदेरी बेटास १९९८ सालीं कान्होजी आंग्रे यांचें नांव देण्यांत आलें. मुंबईंतील भारतीय नौदलाचा एक तळहि 'आंग्रे' या नांवानें ओळखला जातो. ज्या मुंबईस त्यांचा धाक होता, तीच मुंबई आज त्यांचें नांव आपल्या गोदीच्या दारावर मिरवते. २०२५ च्या जुलैंत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत खांदेरी आहे; कुलाब्याचें नांव मात्र त्या यादींत नाहीं. या किल्ल्यास असल्या मानाचें फारसें अगत्य असेल असें वाटत नाहीं. ओहोटी लागली कीं गांवचीं मुलें, टांगेवाले व प्रवासी पूर्वींप्रमाणेंच त्याच्या दाराशीं जातात आणि भरतीची वेळ झाली कीं लगबगीनें परत फिरतात. कुटुंबासह तेथें जाणाऱ्यांनीं भरतीओहोटीचें कोष्टक पाहूनच निघावें, आणि महादरवाज्यांतून आंत शिरण्यापूर्वीं मुलांस तटाच्या चिऱ्यांतील फटी अवश्य दाखवाव्या. त्या फटींतून पाणी कां सोडलें आहे, एवढें ज्या मुलास समजलें, त्यास पुढें कोणी "अलिबागहून आलास काय?" असें विचारलें, तर त्यानें खुशाल "होय" म्हणून सांगावें.